या घरात हात : तीन

१

सकाळी नऊ वाजता मी कानाला हेडफोन लावते आणि उजव्या पायानं पेडल दाबते. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प होतो. हॉस्पिटलातले डॉक्टर रुग्ण तपासून झाले की फोनमध्ये घाईघाईनं बोलून ठेवतात. ते बोलणं मी घरी बसून टाइप करते. कुणाचा गुडघा, कुणाचं पित्ताशय, कुणाचा शेवटचा दिवस. बावीस वर्षं हेच करते आहे. मोठमोठे सर्जन माझ्या पायाच्या इशाऱ्यावर थांबतात, याची मला गंमत वाटायची, कारण घरातला एक माणूस कशानंच थांबत नव्हता.

माझा नवरा बस स्थानकावर उद्घोषक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे दिवसभर सांगायचा आणि घरी आला की माईक नाही एवढाच फरक. जेवताना बोलायचा, दाढी करताना बोलायचा, मी मोरीत असले तर दाराबाहेर उभा राहून बोलायचा. विचारायचा मात्र काही नाही. चोवीस वर्षांत 'तुझं कसं चाललंय' हे त्याच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडानं कधी म्हटलं नाही, तोंडानं आपलं 'अहो'च.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आठवड्यातून एकदा घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "वाचा परत येऊ शकते. पण पहिलं वर्ष काय ते महत्त्वाचं. रोज दोनदा समोर बसा, बोलायला लावा, तोंडाकडे बघायला लावा. डाव्या हातानं लिहायला लावा. वर्षानंतर जे राहील ते राहील."

मी मान हलवली. त्या घरी गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि घरातली शांतता ऐकली. ती मला आवडली. हे सांगायला लाज वाटते, पण आता लाजून काय मिळवायचंय.

भाची आली ती त्यानंतर पाच महिन्यांनी. माझ्या बहिणीची मुलगी, मोबाईलच्या दुकानात काम करते, हातात आलेलं कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मावशी, दिवसाला किती बटणं बडवतेस, मोजलंस कधी?"

"मोजून काय करू? लोणचं घालू?"

"टकटक लावून देते तुला. खेळ आहे. आपण रोज जे टाइप करतो ना, तेच त्यात मोजलं जातं. वेगळं काही खेळायचं नाही. तू आपलं काम करत राहायचं, तिकडे तुझं घर बांधलं जातं."

ब्राउझरमध्ये तिनं काहीतरी जोडलं. मग एक डिजिटल पाकीट, म्हणजे खेळातलं खातं, उघडलं. ते उघडण्यासाठी यंत्रानं बारा शब्द दिले आणि ते कागदावरच लिहून ठेवा, हरवले तर कुणीही परत देऊ शकणार नाही, असं बजावलं. त्यात एक शब्द 'जावई' होता. आम्हाला मूल नाही. मी तो शब्द निमूटपणे फोन नंबरांच्या वहीत लिहून घेतला. मग परवानगीची चौकट आली : सर्व पानांवरची बटणं वाचू द्यावीत का?

"अगं, हॉस्पिटलचे कागद असतात. मी गुप्ततेच्या कागदावर सही केलीय."

"काय लिहितेस ते नाही बघत ते. फक्त किती आणि कसं. कुणी मशीन लावून फसवू नये म्हणून हाताचा ठेका ओळखतं. प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि ही साखळी आहे मावशी. तुझ्या घराची नोंद एका ठिकाणी नसते, हजारो मशिनींवर असते. एकदा नोंद झाली की कुणाच्या बापाला पुसता येत नाही."

मी 'हो' दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात रिकामी जमीन आली आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत : *या घरात हात : १*. संध्याकाळपर्यंत एक भिंत उभी राहिली. कुणीतरी माझ्या कामाची दखल घेतली होती. मी ती भिंत कितीतरी वेळ बघत बसले.

२

नवऱ्याला त्यात ओढायची कल्पना माझी. भाचीचा जुना लॅपटॉप पडून होता. तो आतल्या खोलीत त्याच्या खुर्चीपुढे ठेवला, संदेशांची खिडकी उघडून दिली. तो आतून लिहील, मी बाहेर काम करता करता वाचीन. थेरपिस्ट बाईंना सांगायला बरं, रोज लिहितात म्हणून. आणि मला समोर बसावं लागणार नाही.

भाची म्हणाली, "काकांचं वेगळं खातं काढू या."

"पुन्हा ते पाकीट, पुन्हा ते बारा शब्द? राहू दे. माझ्याच घरात घे त्यांना."

"एका खात्यावर दोन माणसं नको म्हणतात गं."

"नवराबायकोच आहोत. एका घरात चोवीस वर्षं राहतोय, आणखी एका घरात राहू."

ती हसली आणि जोडून दिलं. नवऱ्यानं डाव्या हाताच्या एका बोटानं पहिलं अक्षर दाबलं तसा कोपऱ्यातला आकडा बदलला. *या घरात हात : २*.

त्याची अक्षरं हळू यायची. त्याचा कीबोर्ड जुना, खडखडणारा. भिंतीपलीकडून एक टक् यायचं, मग माझी अर्धी ओळ टाइप होईपर्यंत काही नाही, मग दुसरं टक्. पाच मिनिटांनी माझ्या पडद्यावर उमटायचं : *पाणि*. मी उठून पाणी द्यायचे. दुपारी : *पंखा*. एकदा दहा मिनिटं टकटक चालली होती. मला वाटलं, आज काहीतरी मोठं येतंय. आलं : *बाहेर कोन*. दूधवाला होता. मी तसं कळवलं आणि पुन्हा गुडघ्याकडे वळले.

तो लिहिताना ओठ हलवायचा, हे मी दारातून पाहिलं होतं. कधीकधी घशातून 'आ' असा आवाजही निघायचा. थेरपिस्ट बाई त्या 'आ'वर बेहद्द खूश होत्या. "हा धरून ठेवा," म्हणायच्या.

३

अकराव्या की बाराव्या दिवशी दुपारी चहा घेताना कोपऱ्याकडे लक्ष गेलं. *या घरात हात : ३*.

मी भाचीला फोन लावला. दुकानात गर्दी होती. "माझाच असेल मावशी," ती म्हणाली. "जोडून देताना मी नाही का टाइप केलं? उशिरा नोंदवलं असेल त्यानं."

पटण्यासारखं होतं. मी चहा संपवला, हेडफोन लावले. तेवढ्यात संदेशांची खिडकी लुकलुकली.

*तुझी पाठ दुखते का गं?*

मी ते तीनदा वाचलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. शेवटी प्रश्नचिन्ह होतं. नवऱ्याला प्रश्नचिन्ह कुठे असतं हे ठाऊक नव्हतं, कारण धडधाकट असतानाही त्याला त्याची गरज पडली नव्हती.

पाठ खरंच दुखत होती. वर्षानुवर्षं दुखते. मी आत डोकावले. तो खुर्चीत बसला होता, डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर, उजवा कीबोर्डच्या कडेला बाईंनी सांगितल्याप्रमाणे उशीवर ठेवलेला. "अहो, तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं. तो दचकून जागा झाला, माझ्याकडे बघत राहिला. दमला असेल असं मी धरून चालले. एवढं लांब वाक्य लिहून माणूस दमणारच.

बाहेर येऊन मी लिहिलं : *हो. दुखते. डावीकडे जास्त.*

उत्तर यायला वेळ लागला नाही. *किती वर्षं झाली?*

४

त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल मला खोटं बोलायचं नाही. मी सुखात होते.

जेवणानंतर तीनच्या सुमाराला खिडकी लुकलुकायची. मी पेडलवरचा पाय काढायचे. आज कुठला डॉक्टर फार भराभर बोलला, कुणाच्या अहवालावर मी रडले, तरुणपणी मला टायपिंगच्या वर्गात पहिला नंबर कसा मिळाला, सगळं विचारून घेतलं जायचं. सांगितलेलं लक्षात ठेवलं जायचं. परवा म्हणालीस त्या म्हातारीचं पुढे काय झालं, अशी चौकशी व्हायची. आजारानं माणसं बदलतात. मृत्यू दारात येऊन गेला की भल्याभल्यांची रग जिरते. अशी वाक्यं मी मनातल्या मनात घोकत होते, आणि ती खरीही असतात.

खेळातलं घर भरभर वाढत होतं. दोन खोल्या झाल्या, तिसरी झाली. तिसरीला दार होतं पण खिडकी नव्हती. मी म्हटलं, वरच्या पातळीवर मिळत असेल.

समोर बसणं मी सोडूनच दिलं. काय करणार? एकीकडे दुपारी तीनला माझ्याशी माणसासारखं बोलणारा नवरा, आणि दुसरीकडे संध्याकाळी चमचा तोंडाशी नेला तर मान फिरवणारा, नुसता बघत बसणारा. मला चीड यायची. लिहिताना एवढं सुचतं, मग माझ्या तोंडाकडे बघून एक 'आ' काढायला काय होतं? एकदा मी बोललेही तसं. तो डाव्या हातानं माझ्या मनगटाला धरून बसला. जोर होता हाताला. मी माझा हात सोडवून घेतला.

थेरपिस्ट बाई त्या आठवड्यात कपाळाला आठ्या घालूनच उठल्या. "मागे 'आ' येत होता, तो गेला. समोर बसता ना?"

"बसते की."

"ओठ हलत नाहीत त्यांचे. घाबरल्यासारखे वाटतात मला. घरात काही झालंय का?"

मी त्यांना संदेश दाखवणार होते. मग नाही दाखवले. ते माझे होते.

५

पुढच्या रविवारी भाची घरी आली. येता येताच म्हणाली, "मावशी, तू ते तिसऱ्या हाताचं म्हणालीस ना, माझं डोकं खातंय ते. बघू दे."

तिनं खेळात कुठलासा तक्ता उघडला. कुठल्या हातानं कधी टाइप केलं, याची ओळीनं नोंद होती. पहिला हात, सकाळी नऊ ते एक, मग चार ते सात. तो माझा. दुसरा हात थोडासा सकाळी, थोडासा संध्याकाळी, आणि गेल्या सोळा दिवसांत अजिबात नाही. तिसरा हात रोज तीन ते चार.

"तीन ते चार तर काका झोपतात ना?"

"हल्ली जागे असतात. आम्ही बोलतो."

"मग ते दुसऱ्या हातात यायला पाहिजे. काकांचा ठेका दुसरा आहे. एक बोट, थांबून थांबून." ती ओठ चावत होती. "हा वेगळाच आहे. फार भराभर. एकदाही मागे येऊन खोडलेलं नाही."

"सुधारणा झाली असेल. तूच म्हणालीस ना, तिसरा तुझा आहे म्हणून?"

तिनं माझ्याकडे बघितलं, माझा कीबोर्ड ओढला आणि काहीबाही टाइप केलं, तीन-चार ओळी. आम्ही दोघी कोपऱ्यात बघत होतो. आकडा बदलला.

*या घरात हात : ४*.

आत खोलीत कीबोर्डचा एक टक् झाला. एकच. तीन वाजायला अजून अवकाश होता.

"मी काढून टाकते हे," भाची हळू आवाजात म्हणाली. "नोंद पुसता येणार नाही, पण लॅपटॉपची जोडणी तोडता येईल. कुणीतरी घुसलं असेल मावशी, जगाच्या पाठीवरून कुठूनही. तुझ्याशी बोलतंय कुणीतरी भामटं."

भामट्यानं माझी पाठ कशाला विचारावी? भामट्याला म्हातारीचं काय पडलंय? मला तिचा राग आला, इतका की माझं मलाच नवल वाटलं. "तुझ्या काकांना लिहिणं एवढंच उरलंय," मी म्हटलं. "तेही काढून घे."

जाताना आत जाऊन काकांच्या पाया पडली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मावशी, काका माझा हात सोडेनात," म्हणाली. मी तिला रिक्षा मिळेल ना म्हणून विचारलं.

६

भामटं असेल, हा किडा मात्र तिनं डोक्यात सोडलाच. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी लिहिलं : *तुम्हीच आहात ना? आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही असं काहीतरी सांगा.*

पहिल्यांदाच थोडा वेळ गेला. मग आलं :

*कोर्टातल्या लघुलेखकाच्या जागेचं पत्र आलं होतं तुला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी ते अठरा दिवस कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. रुजू व्हायची तारीख गेल्यावर माळ्यावरच्या बॅगेत टाकलं.*

ते पत्र मला माळा झाडताना सापडलं होतं, सहा वर्षांनी. मी ते वाचलं, घडी घातली आणि होतं तिथे ठेवलं. त्याला कधी विचारलं नाही. सापडल्याचं कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता, आणि शेवटी मलाच वाटलं असतं की माझं काहीतरी चुकलं.

*मला मोठ्या पगाराची, कोर्टात नोकरी करणारी बायको नको होती,* पुढची ओळ आली. *माझं ऐकणारी हवी होती. चूक झाली. मला माफ कर.*

मी रडले. पंधरा-वीस मिनिटं हेडफोन लावूनच रडले. मग तोंड धुतलं आणि आत गेले.

तो जागा होता. मी समोर बसले, किती दिवसांनी. "पत्र तुम्ही ठेवलंत ना? कोर्टाचं?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी असं कसं ओळखलं, हे त्याला कळेना, हे स्पष्ट दिसत होतं. आणि मग त्यानं माझ्याकडे नाही, तर उशीवरच्या त्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं. घरात नको तिथे साप दिसावा तसं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं मान हलवली, नाही, नाही, नाही, आणि मला त्याची शिसारी आली. लिहून कबूल करतो आणि तोंडावर नाकारतो. तोंड बंद पडलं तरी खोटेपणा गेला नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उजवा हात खुर्चीच्या हाताला बांधलेला होता. नॅपकिननं. एका डाव्या हातानं आणि दातांनी मारलेली गाठ, ओली, घट्ट. बोटं निळसर पडली होती.

"हे काय करून ठेवलंय?"

त्यानं माझ्याकडे विनवणी केल्यासारखं बघितलं. मी गाठ सोडायला लागले तर त्यानं माझा हात दूर सारला. थेरपिस्ट बाईंचा दिवस होता, त्यांनी बघितलं आणि गाठ सोडली. "बांधायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "रक्त चालत राहिलं पाहिजे. लुळ्या हाताची कधीकधी माणसांना भीती वाटते, आपला वाटतच नाही तो. समजूत घालायची. आणि समोर बसायचं."

त्या गेल्या तसा त्यानं हात पुन्हा बांधला. त्या दुपारी तीनला खिडकी लुकलुकली नाही. चार वाजले, पाच वाजले. घर इतकं शांत होतं की मला खालच्या मजल्यावरचा नळ ऐकू येत होता. ही तीच शांतता, जी मला सात महिन्यांपूर्वी आवडली होती.

हात बांधलेला होता आणि संदेश आला नाही. मी काही मूर्ख नाही. मी त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मग त्यांच्याकडे कानाडोळा केला. रक्त चालत राहिलं पाहिजे, असं बाई म्हणाल्या होत्या ना. संध्याकाळी तो डुलकी घेत असताना मी कात्री आणली आणि नॅपकिन कापला. पुढच्या सकाळी तो पुन्हा बांधलेला. मी पुन्हा कापला आणि घरातले सगळे नॅपकिन, पंचे, दोऱ्या माझ्या कपाटात टाकून किल्ली जवळ ठेवली.

तीन वाजून दहा मिनिटं. मी हेडफोन काढले होते. आतून आवाज येत होता. त्याचं टक्, थांबणं, टक्, तसा नव्हे. कार्यालयात एखादी मुरलेली टायपिस्ट बसावी तसा, एकसारखा, न अडखळणारा. मी अनवाणी गेले. दाराचा पडदा बोटभर सारला.

खुर्ची मला उजव्या बाजूनं दिसत होती. नवऱ्याची मान डाव्या खांद्यावर कलली होती आणि तो घोरत होता, झोपेतल्या माणसाचं ते साधं, ओळखीचं घोरणं. डावा हात मांडीवर उताणा. उजवा हात मला कोपरापासून पुढे दिसत होता. तो कीबोर्डवर होता. मनगट उचललेलं, बोटं वाकलेली, आणि ती बोटं...

मी पडदा सोडला. घोरणं चालू होतं आणि टायपिंगही. भिंतीला हात लावत लावत मी टेबलाशी आले. पडद्यावर नवी ओळ होती.

*पडदा नीट ओढून घे. त्याच्या डोळ्यांवर उजेड येतो, जाग येईल.*

८

मी पडदा नीट ओढून आले.

त्याला आता महिना झाला. वर्षातले चार महिने उरलेत, असं थेरपिस्ट बाई गेल्या खेपेला म्हणाल्या, आणि मी आता येऊ नका म्हणून सांगितलं. भाचीचे फोन मी घेत नाही. नवऱ्याला वेळच्या वेळी जेवण, औषध, अंघोळ, सगळं करत होते, कुणी नाव ठेवायला जागा नव्हती. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो दिवसभर आपल्या उजव्या हाताकडे बघत बसायचा आणि ओठ हलवत असायचा. सकाळपासून, एकटाच, कुणी समोर न बसता. मी ते बघितलं होतं आणि काय चाललंय ते मला कळलंही होतं. तो सराव करत होता.

काल तीन वाजता मी त्या पत्राची गोष्ट सांगत होते. सापडलं त्या दिवसाची. माळ्यावर किती उकडत होतं, बॅगेचा वास कसा होता, मी खाली उतरून त्याला चहा कसा करून दिला. हे मला जन्मभर कुणालातरी सांगायचं होतं.

तेव्हा आतून हाक आली.

"अगं."

आवाज फाटका होता, पण शब्द पुरता होता. आठ महिने झाले होते. आत टायपिंग थांबलं नव्हतं.

"अगं... ये."

पडद्यावर ओळ उमटली : *उठू नकोस. तो मी नाही.*

"ये ना. ये... लवकर." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड जमिनीवर आदळलं. मग पुन्हा हाक, आता खालून, जमिनीलगतहून. आणि त्या सगळ्यात ती बटणं एकसारखी वाजत होती.

*तो मी नाही. तू सांग.*

नंतर कुणी विचारलं तर मला कळलं नाही असं मी म्हणू नये, म्हणून हे लिहून ठेवते. मला पहिल्याच हाकेला कळलं. सबंध गावाला फलाट सांगणारा तो आवाज मी चोवीस वर्षं ऐकला होता. हजारांत ओळखला असता. आत जमिनीवर माझा नवरा होता, त्याची वाचा परत आली होती, आणि त्याला माझी गरज होती.

मी बसून राहिले. हाका आणखी दोनदा आल्या, दुसरी अर्धीच.

मग शांत झालं. पडद्यावर विचारणा झाली : *मग? चहा दिलास, पुढे?*

मी पुढचं सांगायला लागले.